श्लीपद आणि रात्रीचे रक्तसर्वेक्षण : वैद्यांनी जाणून घ्यावयाच्या काही गोष्टी

श्लीपद हा व्याधी वैद्यांना अपरिचित नाही. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या बाराव्या अध्यायात वृद्धी आणि उपदंश यांच्यासमवेत श्लीपदाचे विवेचन केले आहे. वातज, पित्तज आणि कफज असे तीन प्रकार सांगूनही या तिन्हींत कफाचेच प्राधान्य असते, हे तेथे आवर्जून नोंदविलेले आहे. जेथे जुने पाणी फार साचून राहते आणि जो प्रदेश सर्व ऋतूंत थंड असतो, तेथे श्लीपद विशेषेकरून उत्पन्न होते, असेही आचार्य म्हणतात. माधवनिदानातील वर्णन तर आजच्या चिकित्सकालाही चकित करणारे आहे. ज्वरासह वंक्षणप्रदेशी तीव्र वेदना व शोथ उत्पन्न होऊन तो क्रमाने पायाकडे उतरतो, हा क्रम ज्याने पुष्कळ रुग्ण पाहिले आहेत त्यालाच लिहिता येईल.

या सर्व वर्णनाचा विषय आतुर आहे. ज्याच्या अंगावर सूज आली आहे असा मनुष्य वैद्यासमोर बसला आहे आणि त्याची साध्यासाध्यता ठरवावयाची आहे, अशी ही भूमिका होय. याउलट आरोग्य खात्याचे पथक रात्री गावात येऊन ज्याचा शोध घेते, त्या मनुष्याला सूज नाही, ज्वर नाही, वेदना नाही. तो दिवसभर शेतात राबलेला असतो आणि आपण निरोगी आहोत याबद्दल त्याला यत्किंचितही शंका नसते. त्याला झोपेतून उठवून बोटाला सुई टोचण्यात काय प्रयोजन आहे, हे पुष्कळ गावांत नीट सांगितले जात नाही. मग दुसऱ्या दिवशी लोक गावातील वैद्याकडे येऊन विचारतात, "डॉक्टर, आमच्या गावात पाय सुजलेले दोघेतिघेच, तेही म्हातारे. मग आमचे रक्त कशाला?" या प्रश्नाला आपण जे उत्तर देतो त्यावर त्या गावाच्या सर्वेक्षणाचा खरेखोटेपणा बऱ्याच अंशी अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात याच सर्वेक्षणाची घडण समजावून घ्यावयाची आहे.

कृमी आणि डास

आपल्याकडे आढळणारा हत्तीरोग बहुतांशी वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी या कृमीमुळे होतो. प्रौढ कृमी सुतासारखे बारीक असतात. मादी आठ ते दहा सेंटिमीटर लांब, नर तिच्या निम्म्याहून कमी. त्यांचे वास्तव्य लसीकावाहिन्यांत व लसीकाग्रंथींत असते आणि ते पाचसात वर्षे जगतात. मादी जी असंख्य सूक्ष्म पिले रक्तात सोडते त्यांना मायक्रोफायलेरिया म्हणतात. हे मायक्रोफायलेरिया मनुष्याच्या शरीरात कितीही काळ राहिले तरी त्यांचे प्रौढ कृमी होत नाहीत. त्यासाठी त्यांना डासाच्या पोटात जावेच लागते. तेथे दहा ते चौदा दिवसांत त्यांची वाढ होऊन ते संसर्गक्षम होतात आणि डास पुन्हा चावावयास बसला की त्याच्या सोंडेतून त्वचेवर उतरतात व दंशाच्या छिद्रातून आत शिरतात. हिवतापाचा परजीवी लाळेबरोबर सरळ रक्तात सोडला जातो, तसे येथे होत नाही. म्हणूनच एखाददुसऱ्या दंशाने हा रोग सहसा जडत नाही. त्यासाठी अशा डासांचे शेकडो, हजारो दंश व्हावे लागतात आणि ते त्याच गावात, त्याच घरात वर्षानुवर्षे राहणाऱ्यालाच होतात.

हा डास म्हणजे क्युलेक्स क्विन्क्वेफॅसिएटस. तुंबलेली गटारे, शोषखड्डे, उघड्या संडासांच्या टाक्या, सांडपाण्याची डबकी ही त्याची उत्पत्तिस्थाने. स्वच्छ पाण्यापेक्षा कुजके पाणी त्याला अधिक मानवते. येथे सुश्रुतोक्त जुन्या पाण्याचे स्मरण होणे साहजिक आहे. तथापि या स्मरणाला मर्यादा घातली पाहिजे, असे आम्हांस वाटते. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मशकांचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यांच्या दंशाची लक्षणेही दिली आहेत. परंतु मशक आणि श्लीपद यांचा संबंध तेथे जोडलेला नाही. आचार्यांनी देशाचे निरीक्षण अचूक केले, डासाचा शोध मात्र नंतरचा आहे, एवढेच म्हणणे सत्याला धरून होईल. शिवाय सर्व ऋतूंत थंड असणारा प्रदेश ही खूण चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्याला लावून पाहावी म्हणजे तिची व्याप्ती कळते. विदर्भात हा रोग पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि तेथील वैशाखात थंडपणाचा मागमूस नसतो. पाण्याविषयीचे विधान तेथे लागू पडते, थंडपणाविषयीचे पडत नाही.

रात्रच का?

मायक्रोफायलेरिया मनुष्याच्या रक्तात असतात हे १८७२ साली टिमथी लुईस या वैद्यकीय अधिकाऱ्याने कलकत्त्यात दाखवून दिले. पुढे चीनमधील अमॉय या बंदरात काम करणाऱ्या पॅट्रिक मॅन्सनने १८७७ मध्ये आपल्या बाधित माळ्याला डास चाववून घेतले आणि त्या डासांच्या शरीरात मायक्रोफायलेरियाची वाढ होताना पाहिली. कीटकाच्या शरीरात मानवी रोगाच्या परजीवीची वाढ होते, हे प्रथमच सिद्ध होत होते. डास पाण्यात मरून पडतो आणि ते पाणी प्यायल्याने रोग होतो, अशी मॅन्सनची समजूत मात्र चुकीची निघाली. १९०० साली जॉर्ज कारमायकेल लो याने ब्रिस्बेनहून आलेल्या डासांचे छेद घेऊन त्यांच्या सोंडेतच कृमी दाखविले, तेव्हा तिचा निकाल लागला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मॅन्सनचे दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे आहे. त्याने रक्त तपासण्याच्या कामावर दोन सहायक नेमले होते. एक दिवसा तपासत असे, दुसरा रात्री. रात्रीच्या सहायकाला मायक्रोफायलेरिया सापडण्याचे प्रमाण दिवसाच्या कितीतरी पट अधिक येऊ लागले. हा हाताचा गुण नसून काळाचा गुण आहे हे मॅन्सनच्या लक्षात आले आणि त्याने एकाच रुग्णाचे रक्त चोवीस तास ठरावीक अंतराने तपासून त्याची खात्री करून घेतली. सूर्यास्तानंतर मायक्रोफायलेरिया त्वचेजवळच्या रक्तात येऊ लागतात, मध्यरात्रीच्या सुमारास त्यांची संख्या सर्वाधिक होते आणि पहाटेनंतर ते फुप्फुसांच्या सूक्ष्म वाहिन्यांत जाऊन दडतात. क्युलेक्स डास चावतो तोही मुख्यतः रात्रीच, आणि मध्यरात्रीच्या आसपास त्याचा जोर अधिक असतो. १८८० नंतरच्या काही वर्षांत लंडनमध्ये स्टीफन मॅकेन्झी याने एका रुग्णाला दिवसा झोपवून रात्री जागे ठेवले, तेव्हा काही दिवसांतच मायक्रोफायलेरियांचा क्रम उलटा झाला. अर्थात त्यांचे घड्याळ सूर्यावर नव्हे, तर मनुष्याच्या निद्रेवर चालते. (विसाव्या शतकात या विषयाचा सर्वांत सखोल अभ्यास करणारे फ्रँक हॉकिंग हे सुप्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचे वडील होत.) रात्रपाळीला जाणाऱ्या कामगाराचे रक्त रात्री घेतले तर ते निर्दोष दिसू शकते, हे यावरून सहज ध्यानात येईल. पथकाला अशा माणसांची कल्पना देणे हे गावातील माहीतगार वैद्यालाच शक्य आहे.

काळाचा हा नियम सर्व देशी सारखा नाही. पॅसिफिक महासागरातील अनेक बेटांवर दिवसा चावणारा एडिस डास हा रोग पसरवितो आणि तेथे मायक्रोफायलेरिया दिवसाही रक्तात फिरतात. आपल्याच निकोबार द्वीपसमूहातील नानकौरी भागात हा प्रकार आहे. केरळातील चेरथलाच्या परिसरात ब्रुगिया मलायी ही वेगळीच जात आढळत आली. तिचा वाहक मॅन्सोनिया डास होय, आणि त्याच्या अळ्या पाण्यावर तरंगणाऱ्या वनस्पतींच्या मुळांना चिकटून वाढतात. चरकाचार्यांनी दशविध परीक्ष्यांत देश या शब्दाने भूमी आणि आतुर दोन्ही घेतले, ते किती यथार्थ आहे याचा प्रत्यय अशा वेळी येतो. भूमी बदलली की डास बदलतो, डास बदलला की रक्त घेण्याची वेळ बदलते.

रक्ताचा थेंब आणि त्याचे गणित

प्रत्यक्ष सर्वेक्षण दिसावयास साधे असते. रात्री साडेआठनऊनंतर पथक गावात येते. घरोघर जाऊन नाव, वय, लिंग, वास्तव्याची वर्षे यांची नोंद होते. बोटाच्या टोकातून रक्त घेऊन काचपट्टीवर जाड थर पसरविला जातो. तो सुकू दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी पाण्याने रक्तपेशींचा रंग काढून टाकतात व काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. त्यासाठी गिम्साचे रंजकद्रव्य वापरतात किंवा आपल्याच देशात जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी तयार केलेले, त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांनी जे.एस.बी. म्हणून ओळखले जाणारे रंजकद्रव्य. जितक्या लोकांचे रक्त तपासले त्यांपैकी शेकडा किती जणांत मायक्रोफायलेरिया आढळले, तो मायक्रोफायलेरिया दर. शेकडा किती जणांना सूज किंवा अंडवृद्धी आहे, तो रोगदर. हे दोन दर एकाच गावात अगदी भिन्न असू शकतात. रोगदर मागील वीसतीस वर्षांची कथा सांगतो, तर मायक्रोफायलेरिया दर पुढे काय होणार ते सांगतो.

ही भिन्नता वैद्यांनी विशेष लक्षात ठेवावी. ज्याचा पाय हत्तीसारखा झाला आहे त्याच्या रक्तात बहुधा मायक्रोफायलेरिया सापडत नाहीत. कृमी मरून गेलेले असतात, मागे उरते ती बिघडलेली लसीकावाहिनी. म्हणून अशा रुग्णाचा रक्ताचा अहवाल निर्दोष आला तरी त्यावरून हत्तीरोग नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. त्याच वेळी ज्याच्या रक्तात हजारो मायक्रोफायलेरिया आहेत तो मनुष्य धडधाकट दिसतो. धडधाकट दिसतो म्हणजे निरोगी असतो असेही नव्हे. अशा वाहकांची ध्वनिलहरींनी तपासणी केली असता त्यांच्या लसीकावाहिन्या रुंदावलेल्या आणि आत जिवंत कृमी वळवळत असलेले दिसतात. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर संचयाची आणि प्रकोपाची अवस्था चालू आहे, व्यक्ती अद्याप झालेली नाही. ही उपमाच समजावी, समीकरण समजू नये. परंतु रुग्णाला किंवा विद्यार्थ्याला समजावून सांगताना तिचा उपयोग होतो.

आता रक्ताच्या थेंबाचा विचार करू. पूर्वीच्या सर्वेक्षणांत प्रत्येकाचे वीस घन मिलिमीटर रक्त घेत असत. समजा, एखाद्याच्या एक मिलिलिटर रक्तात पन्नास मायक्रोफायलेरिया आहेत. म्हणजे वीस घन मिलिमीटरमध्ये सरासरी एक. परंतु सरासरी एक म्हणजे प्रत्येक थेंबात एक नव्हे. संभाव्यतेच्या गणिताने अशा शंभर माणसांपैकी सदतीस जणांच्या थेंबात एकही येणार नाही आणि ते सर्व निर्दोष म्हणून नोंदले जातील. रक्त साठ घन मिलिमीटर घेतले तर सरासरी तीन होते आणि निसटणाऱ्यांची संख्या शंभरात पाचवर येते. अलीकडे अधिक रक्त घेण्याचा आग्रह धरला जातो त्याचे कारण हे आहे. लोक म्हणतात, "एवढे रक्त कशाला नेता?" वास्तविक ते रक्त चमच्याच्या शंभराव्या भागाच्याही जवळपासचे असते. पण कमी घेतल्याने काय निसटते, ते त्यांना कोणी तरी सांगावे लागते.

नकार देणारे कोण?

थेंबाहून मोठी गफलत नकारातून होते. पाचशे वस्तीच्या एका कल्पित गावाचे उदाहरण घेऊ. चारशे लोक तपासणीला तयार झाले आणि त्यांत तिघे वाहक निघाले. दर झाला शेकडा पाऊण. एक टक्क्याच्या खाली दर आला की प्रसार आटोक्यात आल्याचे मानून पुढची पायरी घेतली जाते, तेव्हा कागदोपत्री हे गाव उत्तीर्ण झाले. आता ज्या शंभर जणांनी दार उघडले नाही, त्यांत चार वाहक असतील तर? खरा दर पाचशेंत सात, म्हणजे एक पूर्णांक चार टक्के. गाव अनुत्तीर्ण आहे आणि ते कोणालाच माहीत नाही.

ही शंका पोकळ नाही. जो मनुष्य रात्रीच्या सुईला नकार देतो, त्याने वर्षानुवर्षे मोहिमेतील गोळ्याही न घेतलेल्या असण्याची शक्यता अधिक असते. तो बहुधा तरुण पुरुष असतो, कामासाठी बाहेरगावी जाणारा किंवा रात्री उशिरा परतणारा. "मला काही झालेले नाही" हे त्याचे कारण असते आणि त्याच्या दृष्टीने ते खरेही असते. स्त्रिया, मुले आणि वृद्ध घरी सापडतात, त्यांचे रक्त घेतले जाते, नमुन्याची संख्या भरते. संख्या भरली पण नमुना भरला नाही, अशी ही अवस्था. पथकातील कर्मचाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. रात्री अकरा वाजता अनोळखी गावात, कुत्र्यांच्या भुंकण्यात, मोजक्या विजेऱ्या घेऊन फिरणाऱ्या चारपाच माणसांना प्रत्येक बंद दारापुढे किती वेळ उभे राहता येईल? अशा पथकांसोबत फिरल्यावर आमचे असे मत झाले आहे की, गावातील मान्यवर चिकित्सकाने स्वतःचे बोट सर्वांत आधी पुढे केले तर जे साधते, ते दवंडीने साधत नाही.

याच्या उलटही घडते. "आपल्या गावात हा रोग नाही, उगाच रक्त देऊ नका" असे एखाद्या चिकित्सकाच्या तोंडून सहज निघालेले वाक्य वाऱ्यासारखे पसरते. वाक्य बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याच्या दवाखान्यात दहा वर्षांत नवा श्लीपदाचा रुग्ण आलेला नसतो, एवढाच त्याचा आधार असतो. पण संसर्ग झाल्यापासून सूज दिसू लागेपर्यंत अनेक वर्षे जातात. आज दवाखाना रिकामा आहे याचा अर्थ आज प्रसार नाही असा होत नाही.

मुलांची पाहणी

आपल्या देशात ओरिसातील प्राथमिक प्रयोगानंतर १९५५ साली राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. डी.ई.सी. हे औषध १९४७ पासून उपलब्ध होते. पुष्कळ वर्षे रात्री रक्त तपासून जे वाहक सापडतील त्यांना बारा दिवस औषध देणे ही पद्धत होती. २००४ पासून बाधित जिल्ह्यांतील सर्वच पात्र लोकांना वर्षातून एकदा औषध देण्याची सामुदायिक मोहीम सुरू झाली. पुढे तिला अल्बेंडाझोलची जोड मिळाली, आणि २०१८ च्या अखेरीस बिहारमधील अरवल व २०१९ च्या आरंभी आपल्या नागपूर जिल्ह्यापासून काही जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिनसह तिहेरी औषध देण्यास प्रारंभ झाला. उच्चाटनाचे राष्ट्रीय उद्दिष्ट अनेकदा पुढे ढकलले गेले असून ते आता २०२७ साठी ठरविले आहे. मालदीव व श्रीलंका यांचे उच्चाटन जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये आणि बांगलादेशाचे २०२३ मध्ये प्रमाणित केले, हे येथे नोंदविणे उचित होईल.

मोहीम थांबवावी की नाही हे ठरविण्यासाठी जी पाहणी करतात ती मुलांची असते. सहासात वर्षांची, म्हणजे साधारणतः पहिली-दुसरीतील मुले निवडतात. ती मोहीम चालू असतानाच्या काळात जन्मलेली असल्याने त्यांच्यात संसर्ग सापडला तर तो अलीकडचाच असणार, हा त्यामागील तर्क आहे. येथे रात्रीची आवश्यकता नसते. पट्टीवर रक्ताचे थेंब टाकून प्रौढ कृमींचे प्रतिजन शोधतात आणि ते दिवसाही सापडते. पट्टी बरोबर दहाव्या मिनिटाला वाचावी लागते. उशीर केला तर निर्दोष मुलातही पुसट रेषा उमटू शकते. मोठ्या क्षेत्रात दीड हजार ते सतराशे मुले तपासतात आणि बाधित मुलांची संख्या ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक निघाली तर औषधमोहीम पुढे चालू ठेवतात. सर्वांत मोठ्या नमुन्यासाठी ही मर्यादा वीस आहे. त्या क्षेत्रात वीस लाखांपर्यंत लोकवस्ती असू शकते. वीस लाख लोकांविषयीचा निर्णय वीस मुलांच्या आकड्यावर होतो, हे वाचून कोणाला भीती वाटेल. पाहणी दोनतीन वर्षांच्या अंतराने पुन्हा करतात ती त्यासाठीच. जेथे तिहेरी औषध दिले गेले, तेथे प्रौढांच्या पाहणीवरही भर दिला जातो. आमच्या मते तो योग्य आहे, कारण उरलेसुरले कृमी मुलांपेक्षा प्रौढ पुरुषांत अधिक टिकून राहतात.

प्रतिजनांच्या व प्रतिपिंडांच्या अशा चाचण्यांवर आपल्या राज्यातही दीर्घकाळ काम झाले आहे. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रात डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर केलेले संशोधन जिज्ञासूंनी अवश्य पाहावे.

डासांची पाहणीही बरोबरीने चालते. पहाटे घराच्या भिंतींवर, खाटेखाली, टांगलेल्या कपड्यांमागे विसावलेले डास विजेरीच्या उजेडात चूषकनळीने पकडतात. एका माणसाने एका तासात किती डास पकडले त्यावरून घनता काढतात. नंतर मादी डासाचे विच्छेदन करून त्यात कृमींच्या अळ्या आहेत काय, आणि त्या संसर्गक्षम अवस्थेतील आहेत काय, हे पाहतात. हे अतिशय कष्टाचे काम आहे आणि ते करणारे कीटक संग्राहक प्रसिद्धीपासून दूरच राहतात.

औषधानंतरचा ज्वर आणि पायाची निगा

मोहिमेतील गोळ्या घेतल्यावर काही जणांना त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी ज्वर, शिरःशूल, अंगमर्द, छर्दी अशी लक्षणे होतात. असा रुग्ण बहुधा जवळच्या वैद्याकडेच येतो. ही लक्षणे बहुतेक वेळा रक्तातील मायक्रोफायलेरिया मरू लागल्यामुळे होतात, म्हणजेच हा मनुष्य वाहक असावा असे सुचवितात, आणि एकदोन दिवसांत शमतात. अशा वेळी "गोळी बाधली" असे म्हणून रुग्णाला परत पाठविणे म्हणजे ज्याला औषधाची सर्वाधिक गरज होती त्यालाच पुढच्या वर्षी त्यापासून दूर ठेवणे होय. गर्भिणी, दोन वर्षांखालील बालके आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना या गोळ्या देत नाहीत, तसेच पाच वर्षांखालील मुलांना आयव्हरमेक्टिन देत नाहीत, हे नियम आपणही पाठ ठेवावेत. लक्षणे तीव्र असतील तर रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे आणि घटना कळवावी.

आपल्या ग्रंथोक्त औषधांविषयी प्रश्न येतोच. श्लीपदचिकित्सेत उल्लेखिलेल्या शाखोटकाच्या सालीवर लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत अभ्यास झाला असून तिच्यातील काही घटकांचा कृमींवर परिणाम प्रयोगशाळेत व प्राण्यांत आढळला आहे. ही आशादायक वार्ता आहे. परंतु त्या बळावर मोहिमेतील औषध टाळण्याचा सल्ला देणे शास्त्राला धरून होणार नाही.

जेथे वैद्याचे कौशल्य निःसंशय उपयोगी पडते ते क्षेत्र निराळे आहे. सुजलेल्या पायाला वारंवार जो दाह, ज्वर व वेदना यांचा वेग येतो त्याचे कारण बहुतांशी कृमी नसून बोटांच्या बेचक्यांतील भेगा, चिखल्या व जखमांतून शिरणारे जीवाणू असतात. प्रत्येक वेगानंतर सूज थोडी अधिक पक्की होते. दररोज साबण व स्वच्छ पाण्याने पाय धुणे, बेचके कोरडे करणे, भेगांवर औषध लावणे, पाय उंच ठेवणे आणि घोट्याच्या हालचाली करणे एवढ्याने हे वेग पुष्कळ कमी होतात. सुश्रुताचार्यांनी वर्ष उलटून गेलेले, फार वाढलेले, वारुळासारखे झालेले श्लीपद वर्ज्य सांगितले. ते शोथ पूर्ववत होण्याच्या दृष्टीने आजही बरेचसे खरे आहे. मात्र अशा रुग्णाला वाऱ्यावर सोडावे असा त्याचा अर्थ आज कोणी घेऊ नये. केरळातील कासरगोड येथील इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मॅटॉलॉजी या संस्थेत आयुर्वेद, योग आणि आधुनिक वैद्यक यांचा मेळ घालून जुनाट लसीकाशोथाच्या रुग्णांवर उपचार होतात. त्यांतही त्वचेची स्वच्छता आणि पट्टबंधन यांना महत्त्वाचे स्थान आहे. अंडवृद्धीच्या रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी वेळीच पाठवावे, त्यात संकोच बाळगू नये.

श्लीपदाचा रुग्ण दवाखान्यात आला की नोंदवहीत त्याचे सध्याचे गाव लिहून आपण थांबतो. त्यापुढे तो त्या गावी किती वर्षे राहतो, त्यापूर्वी कोठे होता, कामासाठी दरवर्षी कोणत्या महिन्यांत कोठे जातो आणि मोहिमेतील गोळ्या शेवटच्या कधी घेतल्या, एवढे चार रकाने वाढवावेत. पंचवीस वर्षांखालील तरुणात नवी सूज दिसली तर ती माहिती त्याच आठवड्यात तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला किंवा जिल्ह्याच्या हत्तीरोग पथकाला कळवावी. पुढचे रात्रीचे सर्वेक्षण कोणत्या वस्तीत घ्यावयाचे, हे ठरविताना त्यांना अशा नोंदीचा उपयोग होतो.